वाम, घोडे आणि एकच रेग्युलेटर

“बाबा, ह्या टाकीत खरंच काही आहे, की तुम्ही सरकारला नुसती वाळू दाखवताय?”

हा प्रश्न माझा नव्हता, ग्रेस फर्नांडिसचा होता. मी तो विचारला नसता तर ‘शाल्मली केळुसकर : माईकवर वाघीण, घरात मांजर’ असं ती नववी अ च्या फळ्यावर लिहिणार होती. विचारला तर एक पुडी खाजं. साक्षीदार दीक्षा तांडेल. दोघी दालनाच्या दाराबाहेर चपला हातात घेऊन उभ्या होत्या आणि हसू दाबून दाबून लाल झाल्या होत्या.

बाबा टाकीसमोर मोजे घालून उकिडवे बसले होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ओठांवर बोट ठेवलं.

“हळू.”

“मी हळूच बोलले.”

“याहून हळू.”

“याहून हळू म्हणजे गप्प बसणं, बाबा.”

“मग तसं कर.” आणि मग एक सुस्कारा. “आत्ता वर होत्या गं. सगळ्या. तू आलीस आणि गेल्या आत.”

बाहेर ग्रेसच्या नाकातून फिस्स आवाज आला. बाबांनी असा काही चेहरा केला, जसं कोणी देवळात शिट्टी वाजवली.

दोन वर्षं झाली या गोष्टीला, पण अजून तो चेहरा आठवला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमचं केंद्र वेंगुर्ल्याच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. समुद्री जिवांवर संशोधन करणारं. आई तिथे शास्त्रज्ञ आणि बाबा तांत्रिक सहायक. म्हणजे केंद्रात आई ‘मॅडम’ आणि बाबा नुसते ‘केळुसकर’. क्वार्टरचा उंबरठा ओलांडला की तीच आई ‘अहो, आमटी वाढू का’ म्हणायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचेच आईबाबा दाराच्या आत आणि बाहेर वेगळी माणसं असतात.

त्या वर्षी केंद्राने लोकांसाठी एक दालन बांधलं आणि त्यात एक टाकी केली. टाकी कसली, आमच्या शाळेच्या दोन फळ्यांएवढी काच. तळाला डावीकडे पांढऱ्या वाळूचा जाड थर आणि उजवीकडे समुद्रगवताचं कुरण. डावी बाजू बाबांच्या बागवामींची. ही वाम म्हणजे आपण बाजारात बघतो ती जाडजूड नव्हे. पेन्सिलीएवढी, अंगावर काळे ठिपके, शेपूट वाळूतल्या बिळात आणि अर्धं अंग बाहेर. अशा पुष्कळ जणी वाळूत उभ्या राहिल्या की पाण्याखाली बाग फुलल्यासारखी दिसते म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की बाबांशिवाय कोणी ती बाग पाहिलीच नव्हती. जरा चाहूल लागली की सगळ्या सुळ्ळकन खाली. उरते वाळू. बाबांनी त्या लक्षद्वीपहून बोटीने, मूल घ्यावं तसं पिंप मांडीवर घेऊन आणल्या होत्या. नोकरीत पहिल्यांदाच एखादं काम त्यांच्या नावाने होत होतं.

उजवी बाजू आईच्या घोड्यांची. समुद्रघोडे. समुद्रातून ते पकडणं गुन्हा आहे. आईचे घोडे तिच्याच प्रयोगशाळेत जन्मलेले, रीतसर परवानगीचे. ते मात्र कोणाला घाबरत नव्हते. गवताच्या पात्याला शेपटीचा विळखा घालून, मान ताठ ठेवून, कंटाळलेल्या हेडमास्तरांसारखे झुलत असायचे.

आता खरा वैताग ऐका. आमची क्वार्टर दालनाला लागून. भिंत एकच. आणि बाबांचं म्हणणं, आवाज भिंतीतून जातो, भिंतीतून काचेत जातो, काचेतून पाण्यात जातो आणि वामी बिथरतात. त्यामुळे मिक्सर बंद. दाराची बेल बंद. कुकर बंद, भात टोपात. टीव्हीवर माणसं नुसती तोंडं हलवायची. मासे विकायला येणाऱ्या जनाबाईला दारात हाक मारायची बंदी केली तेव्हा ती पाटी खाली ठेवून आईच्या कानाशी लागली, “गे बाय, घरात कोणी आजारी आसा काय?”

“नाही गं, मासे आहेत,” आई कुजबुजली.

जनाबाईने आपल्या पाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दोन सौंदाळे फुकट टाकून गेली. वेड्यांशी वाद घालू नये म्हणतात.

आणि हे सगळं नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी मला आवाज फुटला! आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा शेजारणीकडून ‘हजर’ म्हणवून घेणारी मुलगी. पण ऑगस्टात तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत समालोचन करणाऱ्या सरांचा घसा ऐन सामन्यात बसला. शेजारी गुणफलक धरून मी उभी. त्यांनी माझ्या हातात माईक कोंबला. मी तोंड उघडलं आणि काय सांगू! जे काही चौदा वर्षं आत साठलं होतं ते भसाभसा बाहेर आलं. मैदान हसलं, टाळ्या वाजल्या, एका खेळाडूने तर चढाईला जाताना माझ्याकडे बघून सलाम ठोकला. तेव्हापासून मी शाळेत कोणीतरी होते. जिल्ह्याच्या स्पर्धेलाही मलाच न्यायचं ठरलं होतं. शाळेत दिवसभर घसा फोडायचा आणि घरी येऊन “आई, पोळी वाढ” हे ओठांच्या हालचालींनी सांगायचं. सांगा, माणसाने करावं काय?

त्यात रेग्युलेटर.

टाकीतलं पाणी फिरवणारा एक पंप होता आणि भिंतीवर त्याचा पंख्यासारखा गोल रेग्युलेटर. वामी बीळ सोडून खायला जात नाहीत. पाण्याच्या ओढीबरोबर जे बारीक जीव वाहत येतील ते टिपतात. म्हणून बाबांना प्रवाह जोरात हवा. घोड्यांना धड पोहता येत नाही. प्रवाह जोरात झाला की शेपटीची पकड सुटते आणि ते पंपाच्या जाळीवर जाऊन आपटतात. म्हणून आईला प्रवाह मंद हवा. सकाळी बाबा वाढवायचे. चहाच्या वेळी आई कमी करायची. जेवणाच्या आधी बाबा वाढवायचे. आणि हे सगळं कुजबुजत.

“केळुसकर, प्रवाह कोणी वाढवला?”

“मी, मॅडम.”

“माझा एक घोडा जाळीला चिकटला होता.”

“माझ्या वामींच्या पोटात कालपासून काही नाही.”

“घोड्यांना पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“वामींना चालता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.”

“विनोद करू नका.”

“नाही करत, मॅडम.”

इतकं झालं की घरी आमटी. ‘अहो, मीठ बरोबर आहे ना?’ ‘छान झालीय.’ त्या ‘छान झालीय’पेक्षा कोणी ताट आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कारण मला ठाऊक होतं, टाकीपेक्षा मोठी एक गोष्ट घरात बसून होती आणि तिच्याबद्दल तर कुजबुजही होत नव्हती. आईला बढती आली होती. तुतिकोरिनला, तिकडच्या केंद्रात, घोड्यांच्याच कामावर प्रमुख म्हणून. अशी बढती तिला पूर्वीही आली होती आणि तिने नाही म्हटलं होतं, तेव्हा मी पाळण्यात होते. आता सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ती गेली तर बाबा कुठे? मी कुठे? तुतिकोरिनला मराठीत कबड्डीचं समालोचन कोण ऐकणार, समुद्र?

“आई, तू जाणार आहेस का?” मी विचारलं होतं.

“आधी टाकी होऊ दे.”

“बाबा, आई जाणार आहे का?”

“आधी टाकी होऊ दे.”

टाकीचं उद्घाटनही सोमवारीच. केंद्रप्रमुख बोरवणकर सर पाहुण्यांना घेऊन येणार आणि बाबा त्यांना बाग दाखवणार. वाळूची.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा शाळेचा फ्रॉक तिने घडी घातला, मोडला, पुन्हा घातला.

“शाल्मली, तुला तुतिकोरिन आवडेल का गं? तिथेही समुद्र आहे.”

“म्हणजे तू जाणार?”

“मी कुठे म्हटलं? नुसतं विचारते.” तिने दाराकडे पाहिलं. “खरं तर नाहीच म्हणून कळवावं म्हणतेय. पुढच्या वर्षी तुझी दहावी. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस हं.”

शुक्रवारी बाबा मला स्कूटरवरून शाळेत सोडत होते. घाटीच्या वळणावर त्यांनी मान किंचित मागे वळवली.

“शामू, समजा... नुसतं समजा हं... आपण दोघंच राहिलो इथे, तर चालेल तुला?”

“म्हणजे आई जाणार?”

“मी कुठे म्हटलं? नाहीतर मीच सुट्टी टाकून तिकडे येईन. ही टाकी काय, दुसरं कोणीही बघेल. तुझी दहावी महत्त्वाची. आईला एवढ्यात काही बोलू नकोस हं.”

स्कूटरवर वाऱ्याचा एवढा आवाज असतानाही ते कुजबुजत होते! मी हेल्मेटच्या आत दात खाल्ले. माझी दहावी. अजून नववी पास व्हायची होते मी, आणि माझ्या दहावीवर दोघांनी आपापली मोठमोठी ओझी आणून ठेवली होती, जसं स्टँडवर ओळखीच्या माणसाच्या बाकड्यावर ठेवतात. आणि दोघांचं म्हणणं एकच, की दुसऱ्याला सांगू नकोस.

शनिवारी शाळा अर्धी. ग्रेस आणि दीक्षा माझ्याबरोबर आल्या. खाजं मला मिळालं होतं, पण ग्रेसचं समाधान झालं नव्हतं.

“तू प्रश्न विचारलास, उत्तर कुठे मिळालं?” ती म्हणाली. “मला वाम दाखव. एक तरी. नाहीतर मी म्हणणार केळुसकर काकांनी वाळूत पाइप पुरलेत.”

“पाइप तरी दिसले असते,” दीक्षा म्हणाली. तिचे बाबा आणि तीन काका बोटीवर. मासा म्हटला की तिला डोळ्यांनी बघायची सवय.

आम्ही चपला काढून दालनाच्या दारात आलो आणि तिथेच थबकलो.

आत आई आणि बाबा दोघंही होते. आईचा एक हात कोपरापर्यंत पाण्यात. जाळीला चिकटलेला एक घोडा ती बोटांच्या टोकांनी सोडवत होती. सुटला. ओंजळीतून तिने त्याला गवतापाशी नेलं. त्याने शेपूट इकडेतिकडे चाचपली आणि एक पातं धरलं. आईने हात बाहेर काढला आणि ओल्या हातानेच रेग्युलेटर खाली केला.

बाबांनी तो वर केला.

आईने खाली केला.

“मॅडम, सोमवारी पाहुणे आहेत. उपाशी वाम वर येत नाही.”

“मेलेला घोडाही पाहुण्यांना दाखवता येत नाही.”

“थोडाच वेळ.”

“एक क्षणसुद्धा नाही.”

बाबांचा हात रेग्युलेटरवर. आईचा हात बाबांच्या मनगटावर. दोघांच्या कपाळाच्या शिरा तट्ट फुगलेल्या आणि आवाज? सुईत दोरा ओवताना माणूस स्वतःशी पुटपुटतो, तेवढा. मी बघत राहिले. आणि माझ्या डोक्यात काहीतरी ठणकन तुटलं.

“नमस्कार कबड्डीप्रेमी रसिकहो!”

माईक नव्हता. गरजही नव्हती. दालन रिकामं, छत उंच. माझा आवाज चारही भिंतींना आपटून परत आला.

“समुद्री दालनाच्या मैदानावर आपलं स्वागत! डावीकडे वाम संघ, कर्णधार विद्याधर केळुसकर! उजवीकडे अश्व संघ, कर्णधार डॉक्टर मृणालिनी केळुसकर! मॅडम चढाईला आलेल्या आहेत, रेग्युलेटरला स्पर्श झालेला आहे, आणि पाहा, पाहा, केळुसकरांनी मनगट सोडलेलं नाही, पकड होणार का...”

“शाल्मली! हळू!” दोघं एकदम. कुजबुजत!

“आणि दोन्ही कर्णधार एका सुरात कुजबुजतायत! रसिकहो, या स्पर्धेतला हा पहिलाच समसमान गुण! हा सामना गणपतीपासून चालू आहे. आत्तापर्यंत कोण जिंकलं? कोणीच नाही. बाद कोण झालं? मध्यरेषेवर उभी असलेली मुलगी! एक कर्णधार तिला म्हणतो, तुतिकोरिन आवडेल का, बाबांना सांगू नकोस. दुसरा कर्णधार म्हणतो, आपण दोघंच राहू या का, नाहीतर टाकी सोडून मीच तिकडे येतो, आईला सांगू नकोस. आता ह्या मुलीने कोणाच्या अंगणात जायचं? पंच कुठे आहेत? पंच, शिट्टी वाजवा!”

माझा श्वास संपला म्हणून मी थांबले. दारात ग्रेसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, पण या वेळी हसू नव्हतं.

आईने बाबांचं मनगट सोडलं.

“तुम्ही तिला असं विचारलंत?” ती म्हणाली. पहिले दोन शब्द कुजबुजत, तिसरा बोलल्यासारखा आणि चौथा चक्क ओरडून.

“तू नाही विचारलंस?” बाबाही ओरडले. ‘मॅडम’ गळून पडलं होतं.

“मी नुसतं विचारलं! मी नाहीच म्हणून कळवणार होते!”

“का? का नाही म्हणून कळवणार? मागे नाही म्हणालीस तेव्हापासून मी रोज ते डोक्यावर घेऊन फिरतोय! लोक म्हणतात, बायकोला नवऱ्याने अडवलं. मी कधी अडवलं तुला?”

“मग कधी ‘जा’ तरी कुठे म्हणालात?”

“‘जा’ म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी तुम्हाला नकोशी झाले!”

“असं मी कधी म्हणाले?”

“म्हणाली असतीस!”

“अहो, पण म्हणाले नाही ना! आणि मी गेले असते तर ही पोर कोण बघणार होतं? डबा, आजारपण, अभ्यास?”

“मी! तुझ्या घोड्यांत शंभर पिल्लं नर पोटात वागवतो, आणि मला एका मुलीचा डबा भरता येणार नाही?”

“तुम्हाला पोहे करता येत नाहीत!”

“शिकेन!”

“आणि टाकी सोडून तिकडे येणार होतात म्हणे! तिला सांगितलंत, मला नाही! आयुष्यात पहिल्यांदा तुमचं स्वतःचं काहीतरी झालंय आणि ते सोडून माझ्या मागे येऊन तिथे बसणार होतात? बसून काय करणार होतात, माझ्या पिशव्या उचलणार होतात?”

“उचलल्या असत्या!”

“मला नकोयत उचललेल्या!”

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ओरडतही होती. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मला तेव्हा कळलं. तिघंही जिथे होतो तिथेच खिळलो होतो. बाबा रेग्युलेटरपाशी, आई काचेपाशी, मी दारापासून जरा आत. कितीतरी वेळ. कोणाच्याही लक्षात आलं नाही की टाकीकडे कोणी बघतच नाहीये.

“गो, वर इले!”

दीक्षा. ती जागची हलली नव्हती, फक्त हनुवटीने दाखवत होती. घाबरली की ती मालवणीत बोलते. “काकू, मागे बघा. वर इले सगळे.”

आईने नुसती मान वळवली.

वाळूतून एक बारीक ठिपकेदार मान वर आली होती. तिच्याशेजारी दुसरी. मग मागे, मग कडेला, मग सगळीकडे. एकेक करत ती सबंध वाळू उभी राहिली. सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे, सगळ्या किंचित वाकलेल्या, जणू प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याच्या खांद्यावरून बघतायत. एकीने पाण्यातून काहीतरी टिपलं. खरंच बाग होती. बाबा खरं बोलत होते.

“आयला,” ग्रेस म्हणाली. “पाइप नाहीत.”

बाबांच्या ओठांवर सवयीने बोट गेलं. “हळू,” ते कुजबुजले, “सगळे हळू...”

“अहो, गप्प बसा!” आई खच्चून ओरडली. “म्हणजे गप्प बसू नका! ओरडा! ओरडत राहा, पण हलू नका कोणी!”

“काय?”

“आवाजाला नाही भीत त्या! आपण इतका वेळ बोंबलतोय, त्या वर आल्या! त्या हालचालीला भितात! आपण सगळे महिनोन् महिने इथे कसे येतो? पाय न वाजवता. काचेशी वाकून. जरा दिसल्या की मागे सरकून. अहो, शिकारी मासा असाच येतो! चोरपावलांनी!”

बाबा वामींकडे बघत राहिले. मग आपल्या मोज्यांकडे.

“म्हणजे मी...” ते म्हणाले.

“आपण,” आई म्हणाली. “माझ्याही डोक्यात आलं नाही. मी शास्त्रज्ञ आहे म्हणे.”

मिक्सर, कुकर, बेल, जनाबाई. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला इतका संताप आला की हसूच फुटलं. पण हलायचं नव्हतं, म्हणून उभ्या उभ्याच हसले. ओरडण्याच्या भरात बाबांच्या हातून रेग्युलेटर पुन्हा वर गेला होता. उजवीकडे एक घोडा पात्यावरून निसटायला लागला होता. आईच्या ते लक्षात आलं होतं. तिची बोटं वळवळत होती. बाबांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी अंग न हलवता नुसत्या बोटांनी रेग्युलेटर हळूहळू खाली आणला. वामी वरच राहिल्या. पण त्यांच्या तोंडासमोरून वाहणारं खाणं मंदावत मंदावत तळाशी बसायला लागलं.

“मधे काच का नाही घालत?” मी विचारलं. चांगल्या मोठ्या आवाजात. “डावीकडे जोरात, उजवीकडे हळू. दोन पंप. मला नववीत कळतं.”



“बाबा?”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “नकाशा काढला त्या दिवसापासून माहीत आहे.”

“आई?”

“मलाही.”

“मग?”

“मॅडम म्हणतील म्हणून थांबलो होतो,” बाबा टाकीकडेच बघत म्हणाले. “आपण होऊन मधे काच घाला कसं म्हणायचं? तिला वाटलं असतं, याला एकत्र नको.”

“आणि मला वाटलं,” आई म्हणाली, “मी म्हटलं तर यांना वाटेल, मी माझं वेगळं करायला निघाले.”

ग्रेस आणि दीक्षाने एकमेकींकडे पाहिलं आणि शहाण्या मुलींसारख्या दाराआड झाल्या. एक-दोन वामी त्या सावलीने आत गेल्या. बाकीच्या उभ्याच होत्या.

मी आईकडे पाहिलं. तिचा ओला हात अजून कोपरापासून ठिबकत होता. ती गेली तर घरात दोनच माणसं उरतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. इतके दिवस ती जाईल का, ती जाईल का म्हणून मी वैतागत होते. पण ती गेल्यावर संध्याकाळी दप्तर टाकून मी कोणाला हाक मारणार, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं.   मी एकदा खाकरले.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले.

“काय ठरवलंयस?” बाबा म्हणाले. “आणि तू कोण ठरवणार?”

“तुम्ही दोघं ठरवत नाही ना, म्हणून मी. आई, तू जायचंस. सोमवारी ‘हो’ कळवायचंस. बाबा, तुम्ही इथेच राहायचं. मधे काच घाला, पाहुण्यांना बाग दाखवा, पोहे शिका.”

“शाल्मली, तुझी दहावी...” दोघं पुन्हा एकदम.

“थांबा!”

माझा आवाज चिरकला, पण मी तो खाली आणला नाही. आईचा हात माझ्याकडे यायला निघाला आणि वाटेतच थबकला, कारण हलायचं नव्हतं. तो तसाच हवेत राहिला. मी त्या हाताकडे बघूनच पुढचं बोलले.

“मी इथे राहणार, बाबांबरोबर. सुट्टी लागली की त्याच रात्रीच्या गाडीने तुझ्याकडे, आणि तू नको म्हणालीस तरी येणार. पण माझ्या दहावीचं नाव घेऊन या घरात यापुढे कोणी काही सोडायचं नाही. ती माझी दहावी आहे. नापास व्हायचंच असेल, तर मी माझ्या स्वतःच्या हिमतीवर होईन!”